मामाची मांडी

माझ्या आईच्या माहेरी मुलीचं लग्न ठरलं की नवऱ्यामुलाच्या पगाराआधी मामाच्या कंबरेची चौकशी होत असे. त्याला कारण होतं. गौरीहर पुजत बसलेल्या नवरीला बोहल्यापर्यंत आणायचं काम मामाचं, ही रीत घरोघरी आहे. पण बाकीची माणसं शहाणी. त्यांचे मामा भाचीचा हात धरतात आणि तिला चालवत आणतात. आमच्याकडे मामा नवरीला उचलून आणतो. नवऱ्या आठ-नऊ वर्षांच्या असायच्या तेव्हा हे ठीक होतं. पुढे मुली मॅट्रिक झाल्या, बीए झाल्या, नोकऱ्या करून पंचविशीत बोहल्यावर चढायला लागल्या, तरी रीत जिथल्या तिथे. मुली वाढल्या, मामा तेवढेच राहिले.

आमचा मामा मात्र ऐरागैरा नव्हता. कल्याणच्या एका शाळेत त्याने सगळी नोकरी ड्रिल मास्तर म्हणून केली. पहाटे उठून बैठका मारायच्या, त्या मोजायच्या नाहीत, घाम जमिनीवर टपकला की थांबायचं, असा त्याचा हिशेब. त्याच्या मांड्या बघून शाळेतली द्वाड मुलं आपोआप रांगेत उभी राहायची. माझ्या सगळ्या मावसबहिणींना त्याने उचलून बोहल्यावर नेलं होतं. एकीच्या वेळी तर कार्यालयातला जिना मध्ये आला. मामा जिना चढला, वर पोचला आणि तिला खाली न ठेवता भटजींना मुहूर्ताला किती वेळ आहे ते विचारत उभा राहिला. ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक लग्नात सांगतात.

आता राहिले होते मी. सगळ्यांत शेवटची.

मी शाळेत असताना माझे वडील गेले. त्यानंतर दर रविवारी मामा कल्याणहून डोंबिवलीला आमच्याकडे यायचा, पिशवीत भाजी घेऊन. आईशी चार शब्द बोलायचा, माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करायचा, मला पाठ ताठ ठेवून बसायला सांगायचा आणि परत जायचा. त्याला आणि मामीला मूल नव्हतं. सांत्वनाचं बोलणं त्याला कधी जमलं नाही. पण मी रडत असले की तो मला उचलून खांद्यावर बसवायचा आणि फडके रोडच्या टोकापर्यंत फिरवून आणायचा. मी आठवीत जाईपर्यंत हे चाललं. मग मलाच लाज वाटायला लागली.

मामा रिटायर झाला त्याच वर्षी त्याच्या गुडघ्याची वाटी फुटली. त्या काळी रविवारी सकाळी टीव्हीवर पौराणिक मालिका लागायची आणि सगळी आळी टीव्हीवाल्याच्या घरी जमायची. पारनाक्याजवळ मामाच्या बिल्डिंगमध्ये टीव्ही मामाकडे होता, त्यामुळे अँटेना फिरवायचं कामही मामाकडेच होतं. तो गच्चीवर पाण्याच्या टाकीवर चढला. खालून लोक 'नाही, नाही, अजून थोडं' असं ओरडत होते. मग सगळ्यांनी एकसुरात 'आलं' म्हटलं, आणि त्याच क्षणी मामाचा पाय सटकला. त्यानंतर चित्र इतकं स्वच्छ आलं की मामीला वाटलं, हे बिचारे अँटेना धरून उभे आहेत. देवांचं युद्ध ऐन रंगात आलं होतं. मालिका संपेपर्यंत कोणीही वर गेलं नाही.

मांडीपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टर घातलं. मामाला त्याचं फार काही वाटलं नाही. हाड काय, जुळतं, असं तो म्हणायचा. प्लॅस्टरमध्ये असतानाच माझं लग्न ठरलं. मी झूऑलॉजी शिकवायचे त्याच कॉलेजात मुलगा केमिस्ट्री शिकवायचा, घर ठाण्याला वर्तकनगरात. मुहूर्त मे महिन्यातला निघाला. मामाने प्लॅस्टरवर टिचकी मारून सांगितलं, मे म्हणजे भरपूर वेळ आहे.

प्लॅस्टर कापलं तेव्हा मी बरोबर होते. आतून जो पाय निघाला तो मामाने वाकून बघितला. उजवी मांडी होती तशीच होती, आणि डावी पडवळासारखी लोंबत होती. कातडी सुरकुतलेली. मामाने मांडीला हात लावला आणि कंपाउंडरला विचारलं, "हा कोणाचा पाय?" कंपाउंडर हसला. मामा हसला नाही.

आई चांगल्या मनाची, पण तिला वेळ कळत नाही. दवाखान्याच्या पायरीवरच तिने विषय काढला. म्हणाली की यंदा टिटवाळ्याचा तिचा चुलतभाऊ उचलेल, तोही मामाच की. टिटवाळ्याला या चुलतमामाच्या दोन नव्या इमारती उठत होत्या, आणि हल्ली तो स्वतःही इमारतीसारखाच चालायचा. मामाने मान डोलावली. आई दुसऱ्या टांग्यात बसली, मी मामाजवळ. दूधनाका येईपर्यंत तो पाय चोळत होता. मग समोर घोड्याकडे बघत म्हणाला, "तुझ्या बापाची जागा मला घेता आली नाही. ती घेता येतही नाही. मामाला लग्नात एवढं एकच काम असतं गं."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी टांग्यातच जाहीर केलं की मला बोहल्यावर आणेल तर हाच मामा आणेल, नाही तर मी गौरीहरापुढून उठणारच नाही. टांगेवाल्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

नुसत्या हट्टावर मी बोलत नव्हते. माझा पीएचडीचा विषयच तो होता. कॉलेजच्या मागच्या खोलीत पांढरे उंदीर पाळलेले होते, आणि मोठ्या वयात दुखावलेला स्नायू पुन्हा कसा उभा राहतो, हे मी त्यांच्या पायांत बघत होते. सकाळी वर्गात बेडूक शिकवायचा आणि दुपारी मेणात घातलेल्या स्नायूंचे पापुद्रे कापायचे. या कामाने मला एक वाईट खोड लागली होती. माणूस भेटला की मी आधी त्याच्या पोटऱ्या बघायचे. माझ्या होणाऱ्या नवऱ्याशीही माझी पहिली ओळख त्याच्या पोटऱ्यांमुळे झाली. तो टेबलावर चढून बंद पंखा हलवून बघत होता, आणि पोटऱ्या बऱ्या होत्या.

त्या संध्याकाळी मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चित्र काढून मामाला सगळं समजावलं. स्नायूचा एकेक तंतू म्हणजे एक लांबलचक पेशी. तो एकदा तयार झाला की त्याला स्वतःचे दोन करता येत नाहीत. मग तो फाटला, चिरडला, तर नवा येतो कुठून? तर त्या तंतूच्या अंगाला लागून, बाहेरच्या पातळ आवरणाखाली, काही चिमुकल्या पेशी झोपलेल्या असतात. शास्त्रात त्यांना उपग्रह पेशी म्हणतात. एरवी त्या काही म्हणजे काही करत नाहीत. लग्नघरात एखादा काका असतो ना, दिवसभर कोपऱ्यात पांघरूण घेऊन पडलेला? आचारी पळाला की तोच उठतो आणि शंभर पानं वाढून मोकळा होतो. या पेशी तशा. स्नायूला इजा झाली की त्या जाग्या होतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात, एकमेकींना जोडून घेतात आणि नवा तंतू उभा करतात. म्हातारपणीही असतात, फक्त जरा उशिरा उठतात.

मामाने विचारलं, "तू पाहिल्यास का?"

मी खरं ते सांगितलं. आमच्या साध्या मायक्रोस्कोपखाली त्या ओळखू येत नाहीत, मी फक्त मासिकातले फोटो पाहिलेत. पण त्या काम करून गेल्याची खूण मला रोज दिसते. एरवी तंतूतली केंद्रकं कडेला असतात. नव्याने भरून आलेल्या तंतूत ती मधोमध दिसतात. मामाने मामीकडे बघितलं आणि म्हणाला, म्हणजे हे तुझ्या टिटवाळ्याच्या गणपतीसारखंच झालं. दिसत नाही, पण काम होतं. मामीने माझ्या लग्नासाठी तिकडे आधीच नवस बोलून ठेवला होता.

दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी घोट्याला बांधायला वाळूची छोटी पिशवी सांगितली. मामाला तो अपमान वाटला. मामीने वाळूऐवजी गहू भरून फडक्याची पिशवी शिवली, म्हणजे वजन वाढवता येतं आणि लग्नानंतर गहू दळताही येतात. शिवाय तिने एक लाल रिबीन आणली. ती उजव्या मांडीभोवती बरोबर बसेल एवढी कापली आणि दर रविवारी डाव्या मांडीला गुंडाळून बघायची. सुरुवातीला रिबिनीचं शेपूट वीतभर लोंबायचं. हळूहळू ते आखूड होऊ लागलं. मी गेले की मामी पाणी विचारायच्या आधी शेपूट दाखवायची.

मग शेपूट एकाएकी नाहीसंच झालं. उलट रिबीन पुरेना. मामीला आनंद झाला, मला शंका आली. उपग्रह पेशी कितीही गुणी असल्या तरी आठवड्यात एवढं काम करत नाहीत. मी मामाला पंचा वर घ्यायला सांगितलं. तो म्हणाला थंडी वाजते. मार्च संपत आलेला, कल्याणात माणसं उकडून निघत होती. मी पंचा ओढलाच. मांडी सुजून ढोल झाली होती आणि वांग्याच्या रंगाची दिसत होती.

झालं होतं असं की मामी दुपारी जरा लवंडली की मामा मोरीत जायचा आणि कपडे धोपटायचं लाकडी धोपटणं घेऊन स्वतःच्या मांडीवर मारायचा. रोज. दात-ओठ खाऊन.

मी इतकी ओरडले की खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. त्यांना वाटलं, लग्न मोडलं. मामा मात्र आपल्या जागी ठाम होता. "तूच म्हणालीस, मार बसल्याशिवाय त्या उठत नाहीत," तो म्हणाला. "मी जन्मभर मुलांना उठवतोय. पेंगणाऱ्याच्या पाठीत एक धपाटा घातला की उठतो."

माझंच चित्र, माझंच व्याख्यान, आणि त्यातून हा निघालेला अर्थ. आमच्या कॉलेजात नापास होणाऱ्या मुलांनीही माझ्या शिकवण्याचं इतकं वाटोळं केलं नव्हतं. डॉक्टरांनी तर मामाला असं काही सुनावलं की त्याने ते आम्हाला कधी सांगितलं नाही. आत रक्त साकळलं होतं. ते जिरेपर्यंत व्यायाम बंद, जिना बंद, गव्हाची पिशवी बंद. आणि लग्न पुढ्यात. टिटवाळ्याच्या चुलतमामाला बातमी लागली आणि तो सहानुभूती दाखवायला आला. जाताना त्याने मला नकळत पायापासून डोक्यापर्यंत असं बघून घेतलं की माझा संताप झाला. पोतं उचलायच्या आधी हमाल तसं बघतो.

मामा खचला. दोन्ही हात मांडीवर ठेवून खिडकीत बसून राहायचा. मला त्याची दया येत होती आणि रागही जात नव्हता. एका रविवारी मी स्वयंपाकघरात मामीशी बोलत होते. ती कोमट दुधात विरजण लावत होती, आणि मला एकदम सुचलं. मी पातेलं तसंच उचलून बाहेर आणलं आणि मामापुढे ठेवलं. म्हटलं, "जागं करायला मार नाही लागत, काम लागतं. आणि कामानंतर झोप लागते." मग त्याला सांगितलं की या पेशींतली सगळ्यात मोठी शहाणीव तर मी सांगायचीच राहिले होते. जाग्या झालेल्या सगळ्याच्या सगळ्या पेशी कामाला जुंपून संपत नाहीत. त्यांतल्या काही पुन्हा आपल्या जागेवर जाऊन झोपतात, पुढच्या वेळेसाठी. घरातलं दही आपण चाटूनपुसून संपवत नाही, चमचाभर विरजणाला ठेवतो, तसं. रोज मारत राहिलास तर त्यांनी झोपायचं कधी?

मामा पातेल्याकडे बघत राहिला. मामीला मात्र हे शास्त्र फारच पटलं. तिने पातेलं माझ्या हातातून काढून घेतलं आणि मामाला सांगितलं, "आणि अहो, दही लागेपर्यंत भांडं हलवायचं नसतं." त्या दिवसापासून मामा पलंगावरून उठायला लागला की ती आतून नुसतं 'दही' म्हणायची आणि मामा परत बसायचा.

एप्रिलच्या मध्यावर डॉक्टरांनी पुन्हा परवानगी दिली, आणि नेमकी तेव्हाच केळवणं सुरू झाली. ज्यांच्या घरी हे नसतं त्यांच्यासाठी सांगते. लग्न ठरलेल्या मुलीला सगळे नातेवाईक एकेक करून घरी जेवायला बोलावतात, आणि ती माहेरची म्हणून शेवटचं जेवते आहे अशा समजुतीने वाढतात. त्यात एप्रिल-मे, म्हणजे आमरस. एकीकडे मामाच्या मांडीत दाणा-दाणा जमत होता, दुसरीकडे माझ्यात वाटी-वाटी. मी कमी होणं आणि मामा वाढणं असं गणित मी मांडलं होतं. प्रत्यक्षात आम्ही दोघं एकाच वेगाने वाढत होतो.

मामा प्रत्येक केळवणाला बरोबर असायचा आणि समोरच्या पाटावरून माझ्या ताटातली एकेक पुरी डोळ्यांनी मोजायचा. एकदा न राहवून त्याने 'पुरे आता तिला' म्हटलं. यजमानीण बाई उखडल्या. मामा होऊन मुलीच्या तोंडचा घास काढता, असं त्याला सगळ्यांसमोर ऐकवलं. त्यावर बिचाऱ्याने स्वतःच दोन पुऱ्या जास्त घेतल्या. दिवा स्टेशनजवळ आईच्या मैत्रिणीकडे पाण्याची बोंब असायची, म्हणून तिने पत्रावळींवर जेवण घातलं आणि भांडी घासायची नाहीत म्हणून पक्वान्नं मात्र चार केली. वर्तकनगरातल्या केळवणात मला अखेर मार्ग सापडला. माझ्या होणाऱ्या नवऱ्याला शेजारी बसवलं होतं. वाढणारी पाठमोरी झाली की मी माझी पुरणपोळी त्याच्या ताटात सरकवायचे, आणि तो निमूट खायचा. या माणसाशी आपलं जमेल याची खात्री मला त्या दिवशी पटली. लग्नात त्याच्या कोटाची बटणं लागली नाहीत, ते मात्र माझ्यामुळे.

मामाने आधी तांदळाची गोणी उचलली. मग गॅसचा सिलिंडर, तो रिकामाच असला पाहिजे या मामीच्या अटीवर. मग मी. पहिल्या वेळी मला जेमतेम जमिनीपासून सुटं केलं आणि दोघंही पलंगावर कोसळलो. पुढच्या खेपेला उभा राहिला. मग दारापर्यंत गेला. मामी खुर्ची घेऊन मागे-मागे चालायची. दाराशी पोचलो की मी टुणकन खाली उडी मारायचे, मामा टाळ्या वाजवायचा आणि मामी रिबीन काढायची. आता ती दोन्ही मांड्यांना सारखी बसत होती. मला माझ्या सगळ्या स्लाइडांपेक्षा त्या रिबिनीचा अभिमान वाटत होता.

लग्नाच्या दिवशी मी मामाने दिलेली पिवळी अष्टपुत्री नेसून गौरीहरापुढे तांदूळ वाहत होते. गौरीहराची खोली एका टोकाला, बोहलं दुसऱ्या टोकाला, मध्ये सगळं कार्यालय भरलेलं. टिटवाळ्याचा चुलतमामा बाह्या सरसावून दाराशी तयार उभा होता. आईनेच त्याला तिथे उभं केलं होतं. मामा आला. धोतर, कोट, टोपी. त्याने चुलतमामाकडे बघून हसून नमस्कार केला, आणि त्याला ओलांडून आत आला.

त्याने मला उचललं. मला अजून आठवतं, त्याच्या कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. पहिल्या काही पावलांना लोक गप्प होते, कारण अँटेनाची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. मग एका मावसबहिणीने टाळी वाजवली आणि सगळं कार्यालय वाजवायला लागलं. मामा मान ताठ ठेवून चालत होता. मला म्हणाला, पाठ सरळ ठेव. बोहल्याच्या पायऱ्याही तो चढला. अंतरपाट धरलेला होता, भटजींनी नजरेने घाई केली. आता मला पाटावर ठेवायचं तेवढं बाकी होतं.

आणि मला कळलं की आम्ही हे कधी केलंच नव्हतं. प्रत्येक वेळी मी उडी मारली होती. आता नेसूचं, दागिने, मुंडावळ्या, हातात हार. उडी मारणं शक्य नव्हतं. माझ्यासारख्या बाईच्या हे आधी ध्यानात यायला हवं होतं. स्नायू आखडत असताना जोर लावतो तेव्हा तो फारसा दुखावत नाही. तो ताणला जात असताना भार धरून ठेवावा लागतो तेव्हा तंतू जास्त फाटतात. डोंगर चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या उतरल्यामुळे. उचलायची तयारी आम्ही महिनोन्‌महिने केली होती. खाली ठेवायची केलीच नव्हती.

मामा खाली वाकायला लागला. अगदी सावकाश. त्याची डावी मांडी माझ्याखाली थरथरत होती. मी त्याच्या कानाशी म्हटलं, "मामा, सोड मला. मी उतरते."

"थांब गं," तो म्हणाला. "घाई काय आहे?"

माझे पाय पाटाला टेकले तरी त्याचे हात सुटले नव्हते. भटजी थांबले. अंतरपाटापलीकडून माझ्या नवऱ्याने हळूच विचारलं, आली का? मग कुठे मामाने हात काढले, टोपी सारखी केली आणि माझ्या मागे जाऊन उभा राहिला. मंगलाष्टकं संपेपर्यंत मला मागून त्याचा श्वास ऐकू येत होता. मला वळून बघायची सोय नव्हती, ते बरंच झालं.

मांडव परतणीला आम्ही दोघं डोंबिवलीला आईकडे गेलो आणि तिथून कल्याणला मामाकडे. मामा पलंगावर पडून होता. डाव्या पायाखाली उशी, मांडीला तेल चोपडलेलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून त्याला जिना उतरता येत नव्हता. मामी सगळं तक्रारीच्या सुरात सांगत होती, पण तिचा चेहरा फुलला होता. चुलतमामाला कार्यालयात पुढे कोणी विचारलंसुद्धा नाही, हेही तिने सांगून घेतलं.

मी पलंगाच्या कडेला बसले आणि मांडी चाचपून बघितली. सूज नव्हती, नुसती कडक झाली होती. विचारलं, फार दुखतंय का?

"दुखतंय ना," मामा खुशीत म्हणाला. "म्हणजे जाग्या झाल्यात."

मी त्याला सांगितलं की आता मात्र धोपटणं उचलायचं नाही. काम झालं, आता झोप. तो बरं म्हणाला. मग बराच वेळ त्याने माझ्या नवऱ्याला वर्तकनगरात पाणी किती वाजता येतं, जिने किती, गच्चीवरची अँटेना कोण फिरवतं, असले प्रश्न विचारले. आता रविवारी मामाने कुठे जायचं, हा विषय त्यानेही काढला नाही आणि मीही काढला नाही. इतकी वर्षं त्याचा रविवार माझा होता.

निघताना मामी आतून दह्याचं पातेलं घेऊन आली. घराबाहेर पडणाऱ्याच्या हातावर दही ठेवायचं, म्हणजे तो परत येतो. तिने माझ्या तळहातावर चमचाभर ठेवलं आणि वर आणखी एक चमचा घालायला लागली. तेवढ्यात मामाने पलंगावरून आवाज दिला, "सगळं देऊ नकोस गं तिला. विरजणाला ठेव."

मामी हसली. मीही हसले, दही चाटलं आणि जिना उतरले. शेवटच्या पायरीपर्यंत मी ठीक होते. तिथे बसले आणि हुंदके देऊन रडले. नवरा दोन्ही हातांत पिशव्या घेऊन समोर उभा राहिला.